जावयाच्या पुढे गाडी घालायची नाही

मी विहिरीच्या काठावर पालथी पडले होते. खाली पाणी ढवळून गढूळ झालं होतं, त्यावर पेट्रोलचा तवंग पसरला होता, आणि पाण्यावर एकच डोकं दिसत होतं. ते माझ्या धाकट्या बहिणीचं होतं. ती पंपाच्या पाइपाला दोन्ही हातांनी धरून लटकली होती आणि ओरडतसुद्धा नव्हती. तिचा नवरा पाण्याखाली होता. त्याला काढायला उडी मारलेला माझा भाऊ, तोही पाण्याखाली होता. वर माझा नवरा आणि त्याचा मित्र विहिरीभोवती फेऱ्या मारत एकमेकांना विचारत होते, "आता काय करावं गा?"

ही त्या लोकांनी महिनोन्‌महिने बसून ठरवलेली सहल होती.

पंचाहत्तर सालानंतरची गोष्ट. आम्ही नागपूरच्या महाल भागात एका गल्लीत दोन खोल्यांत राहत होतो. नवरा कचेरीत कारकून. त्याच्याकडे एक जुनी फटफटी होती. ती चालायची कमी आणि आमच्या दारात पोट उघडून पडलेली असायची जास्त. तरी रविवारी सकाळी तिला पुसताना त्याचा चेहरा असा असे, की जसा काही सरदार घोड्याला खरारा करतो आहे.

धाकट्या बहिणीचं लग्न आदल्याच उन्हाळ्यात झालं होतं. तिचा नवरा नागपुरातच कुठल्याशा सरकारी खात्यात होता आणि आमच्यापासून चार गल्ल्या सोडून राहत होता. त्याची फटफटी नवी कोरी. ती माझ्या भावानं लग्नात दिली होती. मागितली म्हणून दिली होती. भाऊ नरखेडकडे गावी संत्र्याची बाग पाहत असे, आईही त्याच्याकडेच. स्वतःसाठी त्यानं कोणाची तरी वापरलेली फटफटी घेतली आणि बहिणीच्या नवऱ्याला शोरूममधली काढून दिली. आमच्याकडे यालाच चांगला भाऊ म्हणतात.

चौथा माणूस म्हणजे माझ्या नवऱ्याचा मित्र. त्याचं गल्लीच्या तोंडाशी कापडाचं दुकान होतं. त्याला दुकानात गिऱ्हाईक आलं की कंटाळा यायचा आणि आमच्या ओट्यावर चहा आला की हुशारी वाटायची.

हे चौघे मिळून फटफट्यांवर माझ्या माहेरी जाणार होते, त्यासाठी भाऊ गावाहून मुद्दाम येणार होता. एवढंच होतं. नागपुरातून काटोलला जायचं, तिथून गावाला. एस.टी.नं मी लेकराबाळांसकट किती वेळा गेले, कोणी माझ्यासाठी बैठक बसवली नाही. पण नव्या जावयाला नव्या गाडीवर सासुरवाडीला जायचं होतं, तेव्हा दर रविवारी आमच्या ओट्यावर सभा भरू लागली. मी चहा करत होते आणि ऐकत होते.

पहिली सभा रस्त्यावरून झाली.

"डांबरी सडकेनं तर एस.टी.तली म्हातारीबी जाते," नवा जावई म्हणाला. "आपण काटोलच्या पुढं सडक सोडू. पांधणीनं जाऊ."

पांधण म्हणजे शेताशेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट. पावसाळ्यात तिच्यात बैल रुततात आणि उन्हाळ्यात चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात. जो तिच्यावरून रोज जातो त्याला ती नकोशी असते.

"पांधणीनं कायले जाता?" मी आतूनच विचारलं. "सडक काय चावते का?"

"तू गप वं," नवरा म्हणाला. "तुले यातलं काय समजते? याले ॲडव्हेंचर म्हणतात."

"साखर टाक जरा," कापडवाला म्हणाला.

दुसरी सभा कपड्यांवरून झाली. सगळ्यांनी गळ्यात एकाच रंगाचे रुमाल बांधायचे असं ठरलं. कापडवाल्याच्या दुकानात एक लाल गठ्ठा विकला जात नव्हता, तो खपला. मग काळे चष्मे. मग फोटो कुठे काढायचा, नाल्यात उभं राहून की नाल्याच्या काठावर. यावर दोघे भांडले. चाक पंक्चर झालं तर काय, कोणी पडलं तर काय, वाटेत दवाखाना कुठे, हे कोणाच्या तोंडातून निघालं नाही. दोर घ्यावा असंही कोणाला वाटलं नाही. कापडवाल्यानं कंगवा मात्र आठवणीनं घ्यायला सांगितला.

या सगळ्यात माझी बहीण वाट पाहत होती. लग्न झाल्यापासून ती माहेरी गेली नव्हती. आखाडात नेतात, तेव्हा नेलं नाही. दिवाळीत भाऊ घ्यायला आला, तर जावई म्हणाला, "माझी बायको एस.टी.त लोंबकळत जाईन का? आपली गाडी आहे. नेईन मीच." भाऊ संत्री घेऊन बाजारात आला की माझ्याकडे उतरायचा आणि दर वेळी सांगायचा, "बाई, माय विचारून राहिली पोरीले. कधी येते म्हणते." मी एकदा बहिणीला म्हटलं, "चल, उद्या सकाळच्या गाडीनं मी नेते तुले." ती म्हणाली, "नको वं बाई. मंग ते बोलतच नाहीत घरात." ती बोलताना दाराकडे पाहत होती. तेव्हाच मला कळलं, की हिला माहेर दिसायचं असेल तर या माकडांची सभा संपायला हवी.

पण सभा अडकली. कशावरून, तर पुढे कोण राहील यावरून.

माझ्या माहेरचे जावई दोन. मोठा माझा नवरा, धाकटा हा. गावात शिरताना वेशीपाशी भावजय ओवाळायला उभी राहणार होती. ज्याची गाडी पुढे त्याला पहिलं कुंकू. मग नुसतं गावात शिरताना पुढे राहून कसं चालेल, नागपुरापासूनच पुढे राहायला हवं.

"मी मोठा जवाई आहो," माझा नवरा म्हणाला. "मी काय याची धूळ खात जाऊ?"

नव्या जावयाचा कप अर्धा भरलेला होता, तो त्यानं ओट्यावर ठेवला, फटफटीला लाथ मारली आणि निघून गेला. नंतर कितीतरी रविवार तो आला नाही. रुसला. लग्नात मांडवात रुसतात ते मी पाहिलं आहे, पण सहलीचा रुसवा मी तिथेच पाहिला. संक्रांत गेली. बहीण वाण द्यायला आली, तेव्हा मी विचारलं, "काय म्हणते तुझा राजा?" ती म्हणाली, "म्हणते, मान नाही तिथं जायचंच कायले."

शेवटी कापडवाल्यानं मधे पडून तोडगा काढला. जाताना नवा जावई पुढे, येताना मोठा. त्या तोडग्यासाठी मला त्या दिवशी भजी तळावी लागली. भाऊही आला होता. तो म्हणाला, "माझं काय, मी सगळ्यात मागं राहीन. जवायाच्या पुढं मी गाडी टाकीन का?"

मला राहवलं नाही. मी झारा घेऊनच बाहेर आले.

"अरे, पण वाट तुलेच माहीत आहे ना? मंग तू पुढं राय."

सगळे हसले. भाऊही हसला, याचं मला वाईट वाटलं.

"बाई, लोकं काय म्हणतीन? साला पुढं अन् जवाई मागं?"

"गावात शिरताना मागं जा. पांधणीत तुले कोण पाहून राहिलं? बैल?"

"चौथी शिकलेल्या बाईनं रस्ता शिकवाव आता," माझा नवरा म्हणाला.

"वळण आलं का मी सांगीन ना," भाऊ म्हणाला.

"कुठून सांगशीन? मागून?"

"हाव, मागून."

"पण हॉर्न नाही वाजवायचा," कापडवाला बोट वर करून म्हणाला. "जवायाच्या मागून हॉर्न वाजवनं बरं दिसत नाही."

ते ठरलं. मी आत जाऊन उरलेली भजी तळली. माझ्या वाटची भजीही त्यांनी नेहमीसारखी संपवली.

नवऱ्यानं मला बरोबर घेतलं ते हौसेनं नाही. वाटेत नाल्याकाठी रोडगे भाजायचे ठरलं होतं. गोवऱ्या पेटवायला पुरुष फार पुढे असतात, पण कणीक मळायला कोणी तरी लागतं. म्हणून कणकेचं पातेलं मांडीवर घेऊन मी माझ्या नवऱ्याच्या मागे बसले. बहीण तिच्या नवऱ्याच्या मागे. तिनं लग्नातलं हिरवं पातळ नेसलं होतं, केसात गजरा होता. आईला कशी दिसेन, असं तिनं मला निघताना विचारलं. मी म्हटलं, "धुळीनं माखलेली दिसशीन."

काटोलपर्यंत ठीक गेलं. पुढे सडक सोडली आणि खेळ सुरू झाला. सगळ्यात पुढे तो, ज्याला वाट माहीत नव्हती. त्याच्यामागे आम्ही, मग कापडवाला. सगळ्यात मागे तिघांची धूळ खात माझा भाऊ, ज्याला ती वाट लहानपणापासून माहीत होती. त्यानं तोंडाभोवती दुपट्टा गुंडाळला होता, डोळे लाल झाले होते. प्रत्येक फाट्यावर नवा जावई थांबे आणि मागे पाही. मागून भाऊ हात करी, डावीकडे, उजवीकडे. जावई मग असं तोंड करी, की आपल्याला हे माहीतच होतं. एकदा हात दिसायच्या आधीच तो भलत्या वाटेनं सुटला आणि कोणाच्या तरी तुरीच्या शेतात शिरला. सगळ्यांना गाड्या वळवाव्या लागल्या.

"मले वाटलंच होतं," जावई म्हणाला.

"तुमचं बराबरच होतं जवाईबापू," माझा भाऊ म्हणाला. "वाटच बदलली इथली."

वाट बदलली नव्हती. पण जावयाला चूक कशी म्हणायची?

नाल्याकाठी रोडगे झाले, वांग्याची भाजी झाली. फोटो झाले. फोटोत आम्ही दोघी नाही, भांडी घासत होतो. तिथे बहीण हळूच म्हणाली, "बाई, मले भेव लागून राहिलं. लय जोरानं नेते. म्हटलं तर अजून जोरानं नेते." मी उठले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "हिले भावाच्या गाडीवर बसू द्या. तो एकटाच आहे मागं."

"काहून?" जावई म्हणाला. "माझ्या गाडीले काटे आहेत का?"

"घाबरते ती."

"माझ्या मागं बसून घाबरते?" तो बहिणीकडे वळला. "हाव का वं?"

बहीण नाही म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

मी भावाकडे पाहिलं. तो राखेत काडीनं रेघा ओढत होता. माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, तो चष्मा पुसत होता. आणि कापडवाल्याला नेमकं त्याच वेळी विनोद सुचला.

"जवाईबापू, तुमी सारखे थांबता अन् मागं पाहता. आमाले वाटलं सासुरवाडीले जाऊन राहिले का वाट चुकलेलं वासरू आहे."

माझा नवरा मोठ्यानं हसला. त्याला पुढची जागा मिळाली नव्हती, त्याचं थोडं उट्टं निघालं. नवा जावई लाल झाला. त्यानं गाडी चालू केली. बहीण धावत जाऊन बसली. त्यानंतर तो एकाही फाट्यावर थांबला नाही.

पुढची जागा भावाला माहीत होती, गावात सगळ्यांना माहीत होती. तिथे एका शेतकऱ्यानं आदल्या वर्षी नवी विहीर खणली होती. पाणी पाहणाऱ्याच्या तळहातावरचा नारळ नेमका पांधणीच्या मधोमध उभा राहिला, म्हणून विहीर तिथेच खणली. गाड्या तेव्हापासून बाभळीपाशी वळून बाजूनं जात. पण जुनी वाट सरळ दिसायची, उलट जास्त चांगली दिसायची, कारण विहिरीतून निघालेला मुरूम तिच्यावर पसरला होता. थोडा चढ आणि चढापलीकडे विहिरीचं तोंड. कठडा बांधला नव्हता. तोंड जमिनीच्या बरोबरीनं.

भाऊ हे सांगणार होता. मागून.

मागून एका गाडीचा वेग वाढल्याचा आवाज आला आणि भाऊ आमच्या बाजूनं पुढे गेला. शेतातल्या ढेकळांवरून गाडी उडवत, दुपट्टा सुटलेला, ओरडत होता, "डावीकडं! डावीकडं घ्या!" हॉर्नही वाजवत होता. जन्मात पहिल्यांदा तो जावयाच्या पुढे जायला निघाला होता. माझा नवरा म्हणाला, "अरे, हा काय करून राहिला?"

नव्या जावयानं मान वळवून पाहिलं. बाजूला साला, पुढे निघायच्या बेतात. समोर साफ मुरमाची वाट. त्यानं मूठ पिळली. सुसाट सुटला, साल्याला पुढे जाऊ द्यायचं नाही म्हणून. मला बहिणीची पाठ दिसत होती आणि उडणारा हिरवा पदर. चढावर गेले, आणि दिसेनासे झाले. आवाज मग आला.

भावाची गाडी मुरमाच्या ढिगावर आडवी झाली. तो उठला आणि एक पाय ओढत धावला. कपडे काढले नाहीत, चपला काढल्या नाहीत, उडी मारली. तो पट्टीचा पोहणारा होता. आम्ही पोहोचेपर्यंत त्यानं बहिणीला पाइपापाशी आणून सोडलं होतं. मी काठावर पडून आत पाहिलं तेव्हा तो तिच्या नवऱ्यासाठी पुन्हा खाली गेलेला होता.

"दोर!" माझा नवरा ओरडत होता. "कोनाजवळ दोर आहे का?"

कोणाजवळ असणार? आम्हीच होतो. एक कंगवा होता.

मी तेव्हाही नऊवारी लुगडंच नेसत असे. ते सोडलं आणि धुळीसाठी बरोबर घेतलेली शाल अंगाभोवती गुंडाळली.

"अवं, काय करतेस! लोकं पाहतीन!" नवरा म्हणाला.

त्या रानात एक बगळासुद्धा नव्हता. त्याची बायको लुगडं का सोडते आहे हे त्याला कळलं नाही, लोक पाहतील हे कळलं. मी एक टोक त्याच्या अंगावर फेकलं आणि म्हटलं, "धरा, नाही तर मी तुमालेच ढकलते खाली." त्यानं धरलं. कापडवाल्यानं मागून धरलं. दुसरं टोक खाली सोडलं. बहिणीला मी ओरडून सांगितलं, बगलेतून घे, गाठ मार. तिचा एक हात धड चालत नव्हता, तरी दातानं ओढून तिनं गाठ मारली. आम्ही ओढलं. ती काठावर आली तेव्हा हातात एक बांगडी शिल्लक नव्हती आणि मनगट भलतीकडे वळलं होतं. ती म्हणाली, "दादा?" नवऱ्याचं नाव काढलं नाही.

मी लुगडं सोडत होते तेव्हाच खाली जावई पाण्यावर आला होता. भावानं त्याला खालून ढकललं होतं. जावयाला पोहता येत नव्हतं. तो भावाच्या गळ्याला पडला, मग खांद्यावर पाय देऊन पंपाच्या लाकडावर चढला आणि तिथे मिठी मारून बसला. हे मी डोळ्यांनी पाहिलं. बुडणारा माणूस असंच करतो, त्याबद्दल मी त्याला कधी बोलले नाही. बाकी सगळ्याबद्दल बोलले, तोंडावर बोलले.

भाऊ खाली गेला, तो पुन्हा वर दिसला नाही.

आमची ओरड ऐकून शेतातली माणसं आली. त्यांच्याजवळ दोर होते, बाज होती. एकानं उडी मारली. मी म्हणत होते, "एक खाली आहे, खाली पाहा." आणि माझा नवरा म्हणत होता, "आधी जवायाले काढा, आधी जवायाले." त्यांनी त्याला दोरानं वर घेतलं. गावचा जावई आहे कळल्यावर बाज सावलीत ओढली, त्याच्या अंगावर कोणी तरी आपली घोंगडी टाकली. एक जण दूध गरम करून आणायला पळाला. पाच-सहा माणसं त्याच्याभोवती उभी होती, तळवे चोळत होती, "जवाईबापू, कसं वाटते आता?" असं विचारत होती. विहिरीत एकच माणूस बुड्या मारत होता आणि काठावर शाल गुंडाळलेली मी आणि ओल्या पातळात माझी बहीण, आम्ही दोघीच पाण्याकडे पाहत होतो.

दूध आलं. जावई उठून बसला आणि दूध प्यायला. मग त्यानं विचारलं, "गाडी निघन का वर?"

वेशीपाशी भावजय ताट घेऊन उभी होती. तिला सांगायला कापडवाला गेला. गळ्यातला लाल रुमाल त्यानं काढला नव्हता.

भावाला संध्याकाळच्या आधी काढलं. माझी बहीण वाचली. तिचा नवरा वाचला. माझा भाऊ वाचला नाही.